जटायू आणि साळुंकी

बसा माउली, बसा. मागं उभे आहेत त्यांनाही थोडी जागा करून द्या. सप्ताहाचा पाचवा दिवस आहे, पाय दुखत असतील सगळ्यांचे.

काल आपण पंचवटीत सीतामाईच्या हरणापर्यंत आलो. आज जटायू. आणि योग असा, की उद्या काकडा झाला की तुमच्यातले पुष्कळ जण इथून टाकेदला दर्शनाला निघणार आहेत. इगतपुरी तालुक्यातलं सर्वतीर्थ टाकेद. जटायू तिथं पडला, अशी आपल्या लोकांची पिढ्यानपिढ्यांची श्रद्धा. रामरायानं बाण मारला, सगळ्या तीर्थांचं पाणी त्या जागी उसळून आलं, ते जटायूच्या मुखात घातलं, म्हणून ते सर्वतीर्थ.

ही कथा झाली की तिच्या पाठोपाठ मी एक दुसरी कथा सांगत असे. माझ्या लहानपणची. वीस-बावीस वर्षं सांगितली. जिथं जिथं जटायू आला तिथं तिथं ती आली. आमच्या कीर्तनांचं पहिलं पुस्तक निघालं, त्यातही ती छापलेली आहे. इथं कोणाकडे ते पुस्तक असेलही. तीच कथा मी आज पुन्हा सांगणार आहे, पण सगळी सांगणार आहे. आजवर अर्धी सांगितली.

मी चौदा वर्षांचा. आळंदीला शिकायला होतो. पहाटे उठायचं, पाठांतर करायचं, मृदंगाचे बोल घोटायचे, माधुकरी मागून आणायची. आम्ही राहायचो त्या धर्मशाळेच्या मागं लहानशी बाग होती. तुळस, कण्हेर, पारिजातक, देवाच्या फुलांपुरती. चैत्रातली दुपार. फुलझाडांना पाणी घालायला गेलो, तर पारिजातकाखाली एक साळुंकी पडलेली. पंख सैल सोडलेले, चोच उघडी, डोळा अर्धा मिटलेला, छाती भराभर खालीवर होते आहे.

आम्ही तिघं पोरं होतो. आदल्याच आठवड्यात गुरुजींनी जटायू सांगितलेला. पोरांच्या डोक्यात तोच. एकानं तिला उचलून उपरण्यावर ठेवलं, एकानं नाम सुरू केलं, आणि मी इंद्रायणीचं पाणी तांब्यात घेऊन तुळशीचं पान घातलं, तिची चोच बोटांनी धरली आणि पाण्याची धार सोडली. एकदा सोडली, दोनदा सोडली. तिसऱ्या वेळी ती साळुंकी थरथरली, मान टाकली, गेली.

आम्ही तिला नदीकाठी पुरलं. वर फूल ठेवलं.

आता ह्या कथेवर मी काय सांगत होतो? सांगत होतो, की बघा, मुक्या पाखराचं भाग्य बघा! आळंदीची भूमी, इंद्रायणीचं जल, कानात विठ्ठलाचं नाम, मुखात तुळशीचं तीर्थ, असं मरण आम्हा माणसांना येईल का? आणि इथं आवाज जरा खाली आणायचा. बुवा लोकांना माहीत आहे, कुठं आवाज खाली आणला की पदर डोळ्याला जातो. जायचे पदर. कीर्तन रंगायचं. बिदागीही चांगली मिळायची, खोटं कशाला बोलू.

एका गावी असंच कीर्तन झालं. आरती झाली, मंडळी पांगली. एक गृहस्थ मंडपात खांबाला टेकून बसून राहिले होते. वय माझ्याएवढंच. माझ्याजवळ आले, पायावर डोकं ठेवलं, म्हणाले, “महाराज, मी जनावरांचा डॉक्टर होतो. आता निवृत्त झालो. एक बोलू का? राग मानू नका.” म्हटलं, बोला. म्हणाले, “ती साळुंकी उन्हानं घेरी येऊन पडली असणार. कदाचित कुठं आपटली असेल. सावलीत, अंधारात, नुसती ठेवली असती तर तास-दोन तासांत उडूनही गेली असती. ती मरायला टेकली होती असं नाही. तुम्ही दिलेलं पाणी तिच्या फुप्फुसात गेलं.”

मी गप्प. त्यांनी समजावून सांगितलं. पक्ष्याची श्वासाची वाट जिभेच्या बुडाशीच उघडते. चोच उघडली की समोर दिसते, बारीक फटीसारखी. शुद्धीवर असलेलं पाखरू आपलं आपण पाणी पितं तेव्हा ती वाट मिटून घेतं. तुम्ही पाहिलं असेल, चिमणी चोच बुडवते, मान वर करते, मग घोट उतरतो. पण भोवळ आलेल्या पाखराला ते भान कुठलं? त्याच्या चोचीत ओतलेलं पाणी सरळ श्वासात जातं. डॉक्टर म्हणाले, “शेकडो पाखरं लोक माझ्याकडे आणायचे. कितीतरी जखमेनं मेली नव्हती, प्रेमानं पाजलेल्या पाण्यानं मेली होती.”

मायबाप हो, त्या रात्री मला झोप नाही. चौदा वर्षांच्या पोराची चूक होती ती, पोराला देव क्षमा करील. पण चाळिशीतल्या, पन्नाशीतल्या माणसानं त्या चुकीचा दृष्टांत केला, त्यावर लोकांना रडवलं, आणि ऐकणाऱ्या किती पोरांनी घरी जाऊन आपल्या बागेतल्या पाखराच्या चोचीत पाणी ओतलं असेल, कोण जाणे. त्याचा हिशेब कोण मांडणार?

आणि त्याच रात्री मला एक गोष्ट आठवली. इतकी वर्षं ती मी कथेतून गाळली होती. विसरलो होतो म्हणा, पण खरं सांगायचं तर कथेत बसत नव्हती म्हणून विसरलो होतो. साळुंकीला पुरून आम्ही परत आलो आणि मोठ्या फुशारकीनं गुरुजींना सगळं सांगितलं. आम्हाला वाटलं, पाठ थोपटतील. गुरुजी थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग मला एवढंच विचारलं, “तिला तहान लागली होती, हे तुला कोणी सांगितलं?”

म्हणा, विठ्ठल विठ्ठल विठ्ठल.

मग मी काय केलं? वाल्मीकींचं अरण्यकांड पुन्हा काढलं. चष्मा लावून ओळ न् ओळ वाचलं, आपण काय गाळलं आहे ते बघायला. आणि तिथं पहिलाच धक्का काय बसावा? रक्तानं माखलेला जटायू रामाला प्रथम दिसतो तेव्हा रामाला काय वाटतं? वाटतं, हा कोणी पक्ष्याचं रूप घेतलेला राक्षस आहे, ह्यानंच सीता खाल्ली! राम धनुष्याला बाण लावतो! साक्षात प्रभू रामचंद्र, पण शोकानं डोळे भरलेले, तर जखमी पाखरू समोर पडलेलं आहे आणि ते आपलं का परकं हे कळत नाही. मग जटायू बोलतो. सीतेला रावणानं नेलं, मी त्याच्याशी झुंजलो, त्याचा रथ मोडला, मी म्हातारा दमलो तेव्हा त्यानं तलवारीनं माझे पंख तोडले. तेव्हा राम धनुष्य टाकून देतो आणि त्या गृध्रराजाला मिठी मारतो. दशरथाचा मित्र तो. बापाच्या जागी.

आधी पाहिलं, ऐकलं, मग हात लावला. हा क्रम बघा.

आणि पाणी? अरण्यकांडात पाणी आहे, पण ते जटायूचे प्राण गेल्यावर. रामानं स्वतः चिता रचली, अग्नी दिला, आणि दोघे भाऊ गोदावरीत उतरून त्यांनी उदक दिलं. मुलानं बापाला द्यावं तसं. टाकेदचं माहात्म्य निराळं आहे, ती श्रद्धेची जागा आहे, मी तिला हात लावत नाही. तुम्ही उद्या जा, आनंदानं स्नान करा. पण त्या कथेतही जटायू शुद्धीवर आहे, बोलतो आहे, आणि त्याचा शेवट आलेला आहे. आम्ही पोरांनी काय केलं? जाणाऱ्याला द्यायचं ते तीर्थ राहणाऱ्याच्या तोंडात घातलं!

त्या डॉक्टरांची आणि माझी पुढं ओळख वाढली. त्यांनी मला जटायूच्या कुळाचीही हकीकत सांगितली, ती ऐका. आपल्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की तासाभरात आभाळ काळं व्हायचं गिधाडांनी. आज आहेत का? पोरांनी पाहिलीसुद्धा नाहीत. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर शंभरातली नव्व्याण्णवहून जास्त गेली. कशानं? शिकाऱ्यानं मारली नाहीत. गाय लंगडते, बैलाला ताप आहे, त्याचं दुखणं कमी व्हावं म्हणून डायक्लोफिनॅक नावाचं औषध टोचायचे. दयेपोटीच टोचायचे की नाही? ते ढोर पुढं मेलं, गिधाडांनी खाल्लं, आणि त्या औषधानं गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. 2004 साली हे शास्त्रज्ञांनी शोधून काढलं, 2006 साली जनावरांसाठी त्या औषधावर सरकारनं बंदी घातली. दुसरं औषध आहे, मेलोक्सिकॅम, त्यानं गिधाडाला बाधत नाही. शेतकरी मंडळी इथं बसली आहेत, गुरांना टोचायचं असेल तेव्हा आपल्या डॉक्टरला औषधाचं नाव विचारा. इथून जवळ अंजनेरी, हनुमंताची जागा, तिथल्या कड्यावर अजून गिधाडं राहतात. तेवढी तरी राहू द्या.

आता बागेतल्या पाखराकडे येऊ. काही म्हणतील, महाराज कीर्तनात हे काय सांगतात? हेच सांगणार. वीस वर्षं चुकीचं सांगितलं ना, आता तितकी वर्षं तरी बरोबर सांगू द्या. पांडुरंगानं दिली तर.

पाखरू पडलेलं दिसलं की आधी लांब उभं राहून बघा. पिल्लू आहे का? अंगावर पिसं आहेत, शेपटी आखूड आहे, टुणटुण उड्या मारतं आहे, उडता येत नाही, तर ते आजारी नाही. उडायला शिकतं आहे. त्याचे आईबाप वर फांदीवर आहेत, तुम्ही तिथून हलत नाही म्हणून ते खाली येत नाहीत! मांजर-कुत्र्याची भीती असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि आपण आत जा. अगदी उघडंनागडं, पिसं न फुटलेलं पिल्लू असेल आणि घरटं हाताशी असेल तर परत घरट्यात ठेवा. इथं बायका मला हमखास विचारतात, की माणसाचा हात लागला म्हणजे आई पिल्लाला टाकते ना? नाही हो माय. नाही टाकत. ही आपली जुनी समजूत आहे. तुमचं बाळ शेजारणीनं कडेवर घेतलं म्हणून तुम्ही टाकता का?

मोठं पाखरू असेल, हललं तरी उडत नसेल, रक्त असेल, पंख लोंबत असेल, तर वरून मऊ कापड टाका. डोकं झाकलं की त्याची धडपड थांबते. अलगद उचला. छाती दाबू नका. आपल्यासारखा त्यांना छातीखाली पडदा नसतो, छातीचं हाडच पुढंमागं होतं तेव्हा श्वास चालतो. घट्ट धरलं की गुदमरलं. मग पुठ्ठ्याचं खोकं घ्या, आधी भोकं पाडा, पाखरू आत ठेवल्यावर नव्हे. खाली जुनं लुगडं अंथरा. झाकण लावा. अंधारात, शांत जागी ठेवा. आणि मग?

मग काही नाही.

हेच अवघड आहे! आपल्याला काही न करता बसवत नाही. पाणी पाजू, दूध पाजू, दुधात पाव कुस्करून भरवू. दूध पाखराला पचत नाही. हळद भरू, तेल लावू. तेलानं पिसं चिकटतात. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघू. पोरांना दाखवू, मोबाईलवर फोटो काढू. त्या जीवाला आपण म्हणजे रावण! एवढा मोठा चेहरा वरून डोकावतो आहे, त्याच्या काळजाचं काय होत असेल? काचेवर आपटलेलं पाखरू पुष्कळदा तासा-दोन तासांच्या अंधारातच सावरतं, संध्याकाळच्या आत झाकण उघडलं की निघून जातं. सावरलं नाही, किंवा मांजरानं तोंडात धरलं असेल, तर जखम केवढीही बारीक दिसो, औषध लागतंच. मांजराच्या दाताचं विष अंगात चढायला वेळ लागत नाही. वनखात्याला फोन करा. 1926 हा त्यांचा नंबर आहे, पैसे पडत नाहीत. आणि हात साबणानं धुवा.

आणखी एक. बरं झालं म्हणून घरात ठेवून घेऊ नका. पोपटाला पिंजऱ्यात ठेवून विठ्ठल विठ्ठल म्हणायला शिकवणारे माझे किती यजमान आहेत! मला कौतुकानं दाखवतात. 1972चा वन्यजीवांचा कायदा आहे, रानातला पोपट पाळणं गुन्हा आहे. मी त्यांना म्हणतो, बाबांनो, तुम्ही म्हणा विठ्ठल. त्याला म्हणायचं असेल तर तो झाडावर बसून म्हणेल.

हे सगळं मी आता तोंडपाठ सांगतो, पण परीक्षा झाली ती मागच्या संक्रांतीला. आमच्या घरामागं परस आहे, सोनचाफा, शेवगा, थोडी भाजी. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कावळ्यांचा एकच कालवा. जाऊन बघतो तर सोनचाफ्याखाली गव्हाणी घुबड. पांढरं, बदामासारखं तोंड, काळे डोळे. उजव्या पंखाला नायलॉनचा मांजा गुरफटलेला, रक्त. 2017 साली हरित लवादानं ह्या मांजावर देशभर बंदी घातली आहे, तरी दर संक्रांतीला येतोच कुठून तरी.

शेजारच्या काकू कुंपणावरून ओरडल्या, “महाराज, हात लावू नका! सणावाराला घुबड दारात, अपशकुन आहे. कावळे काय ते बघून घेतील.” आमच्या सूनबाईही मागं सरकल्या. मी म्हटलं, काकू, लक्ष्मी ज्याच्यावर बसून येते त्याला दारातून हाकलू? दिवाळीला पूजा कोणाची करता? काकू आत गेल्या, पटलं म्हणून नव्हे, दूध उतू जात होतं.

नातवानं खोकं आणलं. कशाचं खोकं? आमच्या त्या पहिल्या पुस्तकाच्या प्रती ज्यातून आल्या होत्या, ते! साळुंकीची कथा ज्यात आहे, ते. पांडुरंगाला विनोद कळतो.

उपरणं टाकलं. घुबड फुसफुसलं, चोच कटकट वाजवली. घुबडाची नखं मोठी वाईट, पाय आधी आवरावे लागतात. मांजाचं लोंबतं टोक तेवढं कात्रीनं कापलं, पंखात रुतलेला भाग ओढला नाही. खोक्यात ठेवलं. आणि त्यानं माझ्याकडे बघून चोच उघडली.

माउली, खरं सांगतो, माझा हात तांब्याकडे गेला. एवढं सगळं कळून, एवढं सगळं लोकांना सांगून, हात गेला! पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या पोराचाच हात. तांब्या उचललासुद्धा. आणि कानात गुरुजी म्हणाले, “तिला तहान लागली होती, हे तुला कोणी सांगितलं?” मी तांब्या खाली ठेवला. झाकण लावलं. फोन केला.

दोन तास वाट बघायची होती. त्या खोलीचं दार लावून मी बाहेर ओसरीवर बसलो. आतून आवाज नाही. जिवंत आहे का गेलं, कळत नाही. उघडून बघावंसं वाटतं, उघडायचं नाही. जप केला. पण मन जपात कुठलं, खोक्यातच. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात वाईट झालेला आणि सगळ्यात खरा जप.

वनरक्षक आले, बरोबर एक सर्पमित्र पोरगा. घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी निरोप आला, टाके घातले आहेत, हाड मोडलेलं नाही. पुढं महिनाभर काही कळलं नाही. मग फाल्गुनात एका दुपारी फोन, महाराज, आज तिन्हीसांजेला सोडायला आणतो, जिथून उचललं तिथंच सोडायचं असतं.

आले. परसात खोकं ठेवलं, लोकांना लांब उभं केलं. काकूही कुंपणाशी येऊन उभ्या. झाकण उघडलं. बराच वेळ काहीच नाही. मग ते पांढरं तोंड वर आलं, खोक्याच्या काठावर बसलं, मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली. आणि गेलं. शेवग्यावरून, काकूंच्या कौलांवरून, पंखांचा एवढासाही आवाज न करता गेलं.

नातू हिरमुसला. म्हणाला, “आजोबा, त्यानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.”

मी म्हटलं, “खोकं उचल बाळा. आरतीची वेळ झाली.”

म्हणा, विठ्ठल विठ्ठल विठ्ठल…